महाबळेश्वरात खरंच बर्फ पडतो का? आणि पेपरातला शून्य डिग्रीचा आकडा येतो कुठून?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारी आला की आमच्याकडं ठरलेली बातमी येते. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला पारा शून्यावर, मिनी काश्मीर गोठलं, बर्फाची चादर वगैरे, आणि सोबत गाडीच्या टपावरचा पांढरा थर खरवडतानाचा फोटो. मग पुण्यामुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू, की या शनिवारी येतोय, पोरांना बर्फ दाखवायचाय. येतात, सकाळी नऊ-साडेनऊला आवरून लेकवर जातात, तिथं नुसतं ओलं गवत असतं, आणि दिवसभर आमच्यावर नाराज.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिच्यापर्यंत पण हे फॉरवर्ड जातं आणि ती विचारते किती इंच पडला. काय सांगणार तिला?

मला खरा प्रश्न पडलाय तो आकड्यांचा. गेल्या आठवड्यात एकाच पहाटेचं बघा, बातमीत शून्य, हवामान खात्याच्या वेबसाइटवर महाबळेश्वरचं किमान तापमान अकराच्या वर, आणि माझ्या मोबाईलमधलं ॲप म्हणतंय चौदा. तिन्ही आकडे एका गावाचे कसे असतील? कुणीतरी खोटं बोलतंय का मोजायच्या पद्धतीतच फरक आहे? आणि जिथं खरोखर बर्फ पडतो तिथं तरी हे नीट मोजतात का, का तिकडंही असाच गोंधळ? माहितगारांनी जरा सविस्तर लिहा, मला हे मनापासून समजून घ्यायचंय.

---

वाई_भूगोल

प्रश्न चांगला आहे, आणि पहिल्यांदा हे सांगतो की तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात.

वेण्णा लेकला जे दिसतं ते आकाशातून पडत नाही, ते जागच्या जागी तयार होतं. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशात टाकत राहते, ढग नसले की ती परत येत नाही, वारा नसला की वरची कोमट हवा खाली मिसळत नाही. मग गवताची पाती, स्ट्रॉबेरीची पानं, जेट्टीच्या फळ्या, गाडीचा टप हे सगळं आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त गार होतं. पत्रा पातळ असतो, तो तर फार लवकर थंड होतो. त्याच्यावर हवेतलं बाष्प थेट गोठतं किंवा आधी पडलेलं दव गोठतं. त्यात लेक आणि लिंगमळ्याचा भाग सखल, बाजारपेठ आणि वरचे पॉइंट उंचावर. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत सखल भागात येऊन साठते. म्हणून उंचावर अकरा आणि दोन-तीन किलोमीटरवर लेकच्या काठाला त्यापेक्षा कितीतरी कमी, हे एकाच पहाटे शक्य आहे.

आता मोजायचं बघा. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर असतो, कारण त्यांना हवेचं तापमान हवंय, गवताचं नको. जगभर हीच पद्धत आहे, त्यामुळंच तुम्ही साताऱ्याची तुलना सांगलीशी किंवा श्रीनगरशी करू शकता. गवताच्या टोकाला ठेवलेला थर्मामीटर त्याच वेळी कित्येक अंशांनी कमी दाखवतो. कृषी हवामान केंद्रांवर तो वेगळा मोजतात पण, आणि त्याला वेगळं नाव देऊन लिहितात. पेटीत तीन-चार डिग्री असताना जमिनीवर पांढरं होणं अगदी नेहमीचं आहे.

तुमचं ॲप तर बहुतेक वेळा थर्मामीटर बघतच नाही. कॉम्प्युटर मॉडेल जमिनीचे मोठमोठे चौकोन करतं आणि एका चौकोनाला एक आकडा देतं. सह्याद्रीत एका चौकोनात डोंगरमाथा पण येतो आणि दरी पण येते, त्याची सरासरी तुम्हाला चौदा म्हणून दिसते.

आणि खरा हिमवर्षाव? महाबळेश्वरची उंची चौदाशे मीटरच्या आसपास. आपल्या अक्षांशावर, १८ अंशाजवळ, भर जानेवारीतही हवेत शून्य डिग्रीची पातळी साधारण चार किलोमीटर उंचीवर असते. आपला कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे ढगात हिम तयार झालं तरी खाली येईपर्यंत त्याचं पाणीच होणार. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हिम पडायला ढग लागतात, आणि आपल्याकडं रात्री ढग आले की पांढरा थर धरतच नाही, कारण ढग जमिनीची उष्णता अडवतात. ज्या रात्री वेण्णा लेकच्या काठावर पांढरा थर धरतो ती रात्र हिमवर्षावाच्या अगदी उलट हवेची असते.

तुलनेला अल्जीरियातलं ऐन सेफ्रा घ्या. सहाराच्या वाळूवर बर्फाचे फोटो जानेवारी २०१८ मध्ये जगभर फिरले, तिथं खरंच पडला होता. उंची हजार मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कमी. पण ते गाव आहे जवळजवळ ३३ अंश उत्तरेला, ॲटलस पर्वताच्या पायथ्याला, युरोपातली थंड हवा तिथवर उतरते. आपल्यापर्यंत ती येत नाही. बातम्यांमध्ये मात्र नुसतं सहारात बर्फ एवढंच आलं, डोंगर आणि उंची कुणी सांगितली नाही, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटलं आख्खं वाळवंट पांढरं झालं.

---

मिरज_ते_व्हर्जिनिया

मूळचा मिरजेचा, गेली बरीच वर्षं वॉशिंग्टनजवळ. तिकडं नीट मोजतात का, या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नियम कडक आहेत, तरी भांडणं होतात.

इथं बर्फ मोजायला एक पांढरी सपाट फळी ठेवतात, तिच्यावर पडलेला थर मोजायचा, मग फळी साफ करून परत ठेवायची, पण सहा तासांत एकापेक्षा जास्त वेळा साफ करायची नाही. कारण ताजा बर्फ भुसभुशीत असतो, वर आणखी पडला की दबतो. दर तासाला साफ करून बेरीज केली तर आकडा फुगतो, आणि वादळ संपल्यावर एकदाच पट्टी घातली तर कमी भरतो. बर्फ तोच, आकडे दोन.

जानेवारी २०१६ मध्ये इथं प्रचंड वादळ आलं. डलस विमानतळावर २९.३ इंच म्हणजे ७४ सेंमी नोंदला गेला, आणि शहराला लागून असलेल्या रेगन विमानतळावर फक्त १७.८ इंच, ४५ सेंमी. तो विमानतळ सखल, नदीकाठी, तिथं एरवी पण कमीच पडतो, पण एवढा फरक बघून लोक खवळले. नंतर कळलं की मोजायची फळीच बर्फाखाली गाडली गेली होती आणि पुढचं मोजमाप फळीशिवाय झालं. इथल्या हवामान खात्यानं त्याची रीतसर चौकशी केली. त्याच वादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आकडा आधी २६.८ इंच जाहीर झाला, फेब्रुवारी २००६ चा विक्रम होता २६.९, म्हणजे दशांश इंचानं हुकला. तपासणीत निरोप देण्याघेण्यातली चूक सापडली आणि आकडा २७.५ करून १८६९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा ठरवला गेला. मला यातलं आवडतं ते एवढंच की त्यांनी तपासलं, बदललं आणि का बदललं ते लिहून ठेवलं.

अंदाजाचं पण सांगतो. जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्कला दोन-तीन फूट बर्फ पडणार म्हणून भुयारी रेल्वेसुद्धा बंद केली, सेंट्रल पार्कला पडला ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं, तिकडच्या भागाला खरोखर झोडपलं. गॅरी शात्कोव्स्की नावाच्या सरकारी हवामान अधिकाऱ्यानं रात्रीच ट्विटरवर लोकांची माफी मागितली. असं बोलणारा अधिकारी असला की पुढच्या अंदाजावर विश्वास बसतो, माझा तरी बसतो.

आणि अनपेक्षित बर्फ म्हणाल तर २१ जानेवारी २०२५. न्यू ऑर्लिन्स, दमट, समुद्राजवळचं शहर, तिथं विमानतळावर ८ इंच पडला, वीस सेंमी. बॉस्टनवाल्यांना ८ इंच म्हणजे काहीच नाही, २०१४-१५ च्या एका हिवाळ्यात त्यांच्याकडं ११०.६ इंच पडलाय. पण न्यू ऑर्लिन्सकडं ना बर्फ ढकलायची यंत्रं, ना लोकांना त्यात गाडी चालवायची सवय. म्हणून नुसता आकडा तोलायचा नाही, तो कुठं पडला ते बघायचं.

---

कृष्णाकाठ८८

मिनी काश्मीर म्हणणाऱ्यांसाठी, जानेवारी २०२४ मध्ये खुद्द गुलमर्गचे उतार बोडके होते, चिल्ले कलानच्या, म्हणजे काश्मीरातल्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांतले बरेचसे कोरडे गेले, स्कीईंगवाले आणि घोडेवाले बसून होते. महिन्याच्या शेवटी बर्फ आला. ती बातमी आपल्याकडं एका कॉलमात आली, आणि वेण्णा लेकवरच्या गाडीचा टप पहिल्या पानावर.

---

तालुका_वार्ता (जावळी)

मी एका दैनिकाला तालुक्यातून बातम्या देतो, तर आमची बाजू सांगतो. पहाटे लेकवरचा कुणीतरी ओळखीचा फोटो टाकतो, सोबत आकडा असतो. तो आकडा कधी खिशातल्या डिजिटल थर्मामीटरचा, कधी गाडीच्या डॅशबोर्डवरचा, कधी अंदाजानं. डेस्कला हेडिंगमध्ये आकडा पाहिजेच असतो. मी लिहून पाठवतो की "लेकच्या काठावर, जमिनीलगत, पहाटे सहाच्या सुमारास", छापताना जागा नाही म्हणून ते कापतात आणि राहतं फक्त "महाबळेश्वर शून्यावर".

मला राग याचा येतो की हीच पेपरं पावसाळ्यात किती नेमकी असतात! कोयना इतके मिलिमीटर, नवजा इतके, महाबळेश्वर इतके, धरणात इतके टीएमसी. सातारा-सांगलीतला शेंबडा पोरगा पण कोयना आणि नवजाचा आकडा एकमेकांत मिसळत नाही, कारण त्या पाण्यावर कृष्णाकाठच्या माणसाचा जीव टांगलेला असतो. मग थंडीतच एका आकड्यात सगळा तालुका का गुंडाळायचा? वेण्णा लेक आणि वेधशाळा असे दोन आकडे शेजारी शेजारी छापायला एक ओळ लागते, फक्त एक ओळ.

---

बागायतदार_तासगाव

आमच्याकडं हा नुसता गमतीचा विषय नाही, म्हणून लिहितोय. द्राक्षाला कडाक्याची थंडी पडली की मण्यांची फुगवण थांबते, गोडी भरायला येळ लागतो, पांढऱ्या मालात पिंक बेरीचा, म्हणजे मणी गुलाबी पडायचा धोका वाढतो, मग घडांना पेपर लावा, पहाटं ठिबकनं पाणी सोडा, बांधाला शेकोट्या करून धूर करा, हे सगळं चालू होतं. हे सगळं कशाच्या जोरावर करायचं तर उद्या पहाटं माझ्या बागंत किती उतरणार यावर. टीव्हीवर "राज्यात थंडीची लाट" एवढं ऐकून काय करू मी? लाट म्हणायला पण नियम आहे ना, सपाट भागात किमान तापमान दहा किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी पाहिजे, डोंगरी भागाला तर शून्य किंवा खाली. हे लोक बाराला पण लाट म्हणतात.

विम्याचं तर लय अवघड. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुकसान बागंत बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा ठरवतो. केंद्र असतंय माळावर उघड्यावर आणि माझी बाग वढ्याच्या कडंला खोलगटात. वर वाईच्या भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं तसं थंड हवा सगळी माझ्याकडं येऊन बसती. माझ्या बागंत चार आणि केंद्रावर साडेसहा, तर कागदावर मला थंडी लागलीच नाही. तेव्हा कुठल्या जागेचा आकडा हे माझ्यासाठी सरळ पैशाचं गणित आहे.

आणि ते गारांचे फोटो बर्फ म्हणून फिरवणं बंद करा राव. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडं रानंच्या रानं पांढरी झाली होती, ते फोटो अजून कुणीतरी दर थंडीला "महाराष्ट्रात हिमवर्षाव" म्हणून टाकतंय. त्या पांढऱ्याखाली कुणाचं तरी वर्षाचं पीक मेलेलं होतं.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, उंची आणि ढगाचा मुद्दा तर मी आजच आमच्या ग्रुपवर टाकतोय. तासगावच्या दादांचं वाचून वाईट वाटलं, हे विम्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. एक विचारतो, पाहुण्यांना तो पांढरा थर दाखवायचाच असेल तर नेमकं कधी न्यायचं? आणि भिलारकडचे कुणी असाल तर सांगा, स्ट्रॉबेरीला याचं नुकसान किती?

---

भिलार_मळा

पाहुण्यांना सूर्य वर यायच्या आत न्या, ऊन पडलं की सगळं वितळतं. आदल्या रात्री आकाश स्वच्छ आणि झाडाचं पान हलत नसेल तरच उठवा त्यांना, नाहीतर झोपू द्या. आणि वाफ्यात पाय घालू देऊ नका, गोठलेली पानं पायाखाली लगेच मोडतात.

नुकसानीचं म्हणाल तर पानाला फारसं होत नाही, फुलाला होतं. फुलाच्या मधला पिवळा भाग काळा पडला की समजायचं त्याचं फळ गेलं. काहीजण रात्री वाफे कापडानं नाहीतर प्लास्टिकनं झाकतात. स्प्रिंकलरनं पण वाचवता येतं, पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि फूल शून्याच्या फार खाली जात नाही. पण स्प्रिंकलर एकदा चालू केला की उन्हानं बर्फ वितळेपर्यंत बंद करायचा नाही. मधेच लाईट गेली तर न केल्यापेक्षा जास्त नुकसान, कारण ओलं फूल वाळताना आणखी गार होतं. वारा असला तरी हेच, तेव्हा वाऱ्याच्या रात्री स्प्रिंकलरच्या नादाला लागू नये, झाकलेलं बरं.

थर्मामीटर लावायचा तर दोन लावा, एक पडवीत छातीच्या उंचीला आणि एक वाफ्यात फुलाच्या उंचीला. स्प्रिंकलर कधी चालू करायचा ते खालचा सांगतो.