मदत हवी आहे: दातांच्या बरणीत थायमॉल विरघळत नाही

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) दुसऱ्या वर्षाच्या सरावासाठी काढलेले दात साठवतोय. कीटण खरवडून, दात पाण्यात बुडवून १२१ अंश सेल्सिअसला ४० मिनिटं ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले). चांदी (पारा मिसळलेलं अमाल्गम) भरलेले मात्र वेगळे काढून दोन आठवडे १०% फॉर्मॅलिनमध्ये (जंतुनाशक द्रावणात) ठेवले, कारण तापवले तर पाऱ्याची वाफ निघते.

अडलंय पुढे. दात साठवायच्या ०.१% द्रावणासाठी लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम थायमॉल (जंतू रोखणारं स्फटिकरूप रसायन) घालून तासभर ढवळलं, तरी खडे तसेच. कोमट पाण्यात विरघळले, पण सकाळी गार बरणीच्या काचेवर पुन्हा बारीक स्फटिक धरलेले. कोरडे ठेवले तर दात तडकतात, हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) जास्त दिवस ठेवले तर ते डेंटिन (दाताचा आतला थर) खातं, म्हणून दोन्ही नकोत.

सहा महिने टिकवायचेत, कॉम्पोझिटचं (दाताच्या रंगाच्या भरणाचं) बाँडिंगही, म्हणजे ते दाताला चिकटवणंही, करायचंय. थायमॉल आधी अल्कोहोलमध्ये विरघळवलं तर लिटरला किती मिली पुरेल, आणि त्याने बाँडिंग बिघडेल का?