चार्जर काढला की गुणगुण थांबते, तिथेच दुखणं आहे

हॅम रेडिओचा सेट लॅपटॉपला जोडून एकोलिंक (रेडिओवरचं बोलणं इंटरनेटवरून लांबच्या हॅमपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) चालवायचा, तर सेटच्या स्पीकरच्या जॅकमधून थेट साउंड कार्डात वायर घाला आणि व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की सेट आपोआप प्रक्षेपण सुरू करतो त्या सोयीवर, भागवा, असं काही जण सुचवतात. चालतं, पण मला पटत नाही. व्हॉल्यूमच्या नॉबला कुणाचा हात लागला की पलीकडे आवाज कमीजास्त होतो, आणि व्हॉक्स जागा होईपर्यंत पहिलं अक्षर गिळलं जातं, म्हणजे नेमकं कॉलसाइनचंच (स्टेशनच्या ओळखीच्या नावाचंच). मोबाइल सेटच्या (गाडीत बसवायच्या रेडिओ सेटच्या) मागे ६ पिनांचं मिनी-डिन (छोटं गोल) डेटा सॉकेट असेल तर तेच वापरा. ५ नंबरच्या पिनवर आवाज नॉब कसाही असला तरी ठरलेल्या पातळीने मिळतो, ६ वर स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडल्याची खूण येते, आणि ३ ग्राउंडला टेकवली की पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यासारखं होतं.

पण एवढ्यानेही फोंड्याला माझ्याकडे प्रत्येक ओव्हरखाली (बोलण्याच्या एकेका पाळीखाली) ५० हर्ट्झची गुणगुण होती. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब! सेटच्या पॉवर सप्लायचं अर्थिंग आणि चार्जरचं अर्थिंग ऑडिओ केबलच्या जाळीतून एकमेकांना भेटत होतं. दोन्ही ऑडिओ वायरींवर ६०० ओमचे १:१ ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीला ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशातून खूण पोचवणारा भाग) घातला, तेव्हा कुठे शांतता झाली. आवाज आरपार जातो, तांब्याचा जोड मात्र राहत नाही.

आणि पॉवर ५ वॉटवरच ठेवा. लिंकवर लोक मिनिटामिनिटांचे ओव्हर देतात, आपल्याकडच्या मे महिन्यात सेटची पाठ हात लावू देत नाही.