मदत हवी आहे: चकमकीच्या बंदुकीचं लॉक बनवलं, पण ठिणगीच पडत नाही

नमस्कार मंडळी,

भोसरीत बारा वर्षं टूलरूममध्ये काढली, आता पेनसिल्व्हेनियात एका जॉबशॉपमध्ये व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं (सीएनसी) मिलिंग मशीन, चालवतो. बंदुकांचा नाद मला कधीच नव्हता (मटणसुद्धा दुकानातूनच आणतो). पण इथे नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या बंदुकीचा असतो, आणि शॉपमधले एक आजोबा घरी जुन्या घाटाच्या लांब नळीच्या रायफली बनवतात. लॉक, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा, मात्र ते ओतीव भागांचं विकत आणतात. मी म्हटलं, आणता कशाला, मी करून देतो.

माझा युक्तिवाद असा: १७८५ साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लाँ या बंदूक कारागिराच्या कारखान्यात थॉमस जेफरसनने (तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला वकील, पुढे राष्ट्राध्यक्ष) लॉकचे सुटे भाग हाताला येतील तसे उचलले आणि जुळवले, ते चपखल बसले. म्हणजे आपल्या गेज-टॉलरन्सच्या धंद्याचा एक आजा हे लॉकच. मग सीएनसीला काय अवघड?

प्लेट आणि घोडा (गार, म्हणजे चकमकीचा दगड, धरणारा भाग) व्हीएमसीवर काढले. आतला टंबलर, म्हणजे अर्ध्या आणि पूर्ण चढीच्या खाचा असतात तो भाग, आणि त्यात अडकणारा सिअर वायरकटवर (विजेच्या तारेने पोलाद कापणारं मशीन). खाचा अशा आल्या की चाप ओढल्यावर काच फुटल्यासारखा आवाज येतो. मेनस्प्रिंग मात्र पट्टी तापवून हातानेच वाकवली. दोन मोडल्या, तिसरी टिकली.

घोडं अडलंय फ्रिझनपाशी, म्हणजे गार ज्यावर घासते त्या पोलादी झाकणापाशी. ईएन१९ या मिश्र पोलादात मिलिंग केलं, तेलात कडक केलं. कानस नुसती घसरते, इतकं कडक. पण घोडा सोडला की तीन-चार लालसर, मेलेल्या ठिणग्या. त्याही रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीबाहेर. गार नवी, धारेची, चामड्यात घट्ट बसवलेली. कुठे चुकतंय?

(भारतातल्या मित्रांनो, तिकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. घरी करून बघू नका.)

प्रतिसाद १:
कडकपणा आहे, कार्बन नाही. ठिणगी म्हणजे गारेने खरवडलेला पोलादाचा पेटता कण. ईएन१९ मध्ये कार्बन जेमतेम ०.४ टक्के. बेंच ग्राइंडरवर ईएन१९ चा तुकडा आणि मोडकी कानस आलटून पालटून धरा. कानशीची फुलबाजी फुटते, तशी ईएन१९ ची फुटणार नाही. १०९५ पोलाद घ्या, त्यात कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास असतो. उघड्या गॅसवर तापवलं असेल तर वरच्या कातडीतला कार्बन जळतो, तेव्हा दर्शनी बाजू थोडी ग्राइंड करून मग तपासा. पाणी उतरवताना (कडक पोलाद पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करताना) तोंड फिकट पिवळ्या रंगावर ठेवा, पाय निळ्यापर्यंत उतरवा, नाहीतर पायातून मोडेल.

प्रतिसाद २:
नवीन करायची गरज नाही. झिजलेल्या फ्रिझनला जुने कारागीर चपलेला अर्धा तळ लावावा तसा कडक पोलादाचा तुकडा रिव्हेटने लावत. आणि ठिणग्या बाहेर पडतात म्हणजे गार फार खाली लागतेय. वरच्या तिसऱ्या भागावर लागली पाहिजे. आधी गार उलटी बसवून बघा, फुकटचा उपाय आहे.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. ग्राइंडरवर धरलं आणि स्वतःचीच लाज वाटली, ठिणगी बघून पोलाद ओळखायला तर आयटीआयमध्येच शिकवलं होतं. जुन्या करवतीच्या पात्याचा तळ दोन रिव्हेटवर बसवला, गार उलटी केली. आता ठिणग्या पांढऱ्या, आणि वाटीत पडल्यावर सळसळतात.

नवीन दुखणं: फ्रिझन उघडतं आणि उसळून परत मिटतं, त्यात गारेची धार तुटते. पाच-सहा बारांत एक गार जाते. त्याची स्प्रिंग नरम करू, की टाचेचा (फ्रिझनचं स्प्रिंगवर टेकणारं खालचं टोक) आकार बदलू? टाच वायरकटवर पाहिजे तशी काढता येईल, फक्त वळण कोणी सांगेल का?