इंटरलाकेनहून एका दिवसात: वेंगन की म्युरेन?

प्रवासोत्सुक (प्रश्न)

सप्टेंबरच्या अखेरीस आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जात आहोत आणि मुक्काम इंटरलाकेनला आहे. बाबांना डॉक्टरांनी फार उंचीवर जाण्यास मनाई केली असल्यामुळे ३४५४ मीटरवरचे युंगफ्राउयोख स्थानक आम्ही आधीच वगळले आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण उतार आणि जिने तिला नकोसे वाटतात. त्यामुळे एक दिवस डोंगरातल्या रेल्वेने जाऊन एखाद्या गावात निवांत घालवावा, असे ठरले आहे. वेंगन आणि म्युरेन ही दोन नावे पुढे आली. दोन्ही गावे मोटारींपासून मुक्त आहेत आणि दोन्हींची वाट लाउटरब्रुनेनहूनच फुटते, मग निवड करायची कशावरून? आमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास (देशभरातल्या सार्वजनिक वाहतुकीसाठी पर्यटकांना मिळणारा एकत्रित पास) आहे.

मीटरगेज

माझे मत निःशंकपणे म्युरेनच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण तिथवर नेणारी रेल्वे हेच आहे. लाउटरब्रुनेन स्थानकासमोरून निघणारी केबल कार काही मिनिटांतच जवळजवळ ७०० मीटर उंची चढून ग्रूटशाल्पला पोहोचवते. तिथून कड्याच्या माथ्यावरील सपाटीवरून धावणारी, जेमतेम सव्वाचार किलोमीटरची मीटरगेज गाडी म्युरेनला नेते. हा मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि आरंभापासूनच विजेवर चालत आला आहे. खालच्या टप्प्यावर पूर्वी दोराने ओढली जाणारी रेल्वे होती. परंतु तिच्याखालची जमीन सतत सरकत असल्याने २००६ मध्ये तिची जागा केबल कारने घेतली. केबल कारच्या खाली मालासाठी वेगळा मंच टांगलेला असतो. गावाचा किराणा, पाहुण्यांच्या बॅगा, बांधकामाचे साहित्य असे सगळे त्यावरून वर जाते आणि ग्रूटशाल्पला रेल्वेवर चढते. ही चढ-उतार पाहण्यासाठी मी एखादी गाडी मुद्दाम सोडून देईन, पण रेल्वेवेड्याचे हे मत तेवढ्यापुरतेच धरावे.

म्युरेन १६३८ मीटरवर आहे, म्हणजे युंगफ्राउयोखच्या निम्म्याहून कमी उंचीवर. दरीच्या पलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही शिखरे एका ओळीत उभी दिसतात. परतताना आल्या वाटेने येण्याची गरज नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाहून श्टेखेलबर्गला उतरणारी केबल कार आहे आणि तिथून लाउटरब्रुनेनला बस मिळते. त्या बसच्या वाटेवर ट्रूमेलबाखचा धबधबा लागतो, तो आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणतो. मात्र तो पाहण्यासाठी आत ओल्या पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून आपल्या आईंसाठी तो बेत टाळावा. म्युरेनपर्यंतच्या दोन्ही वाटा तुमच्या पासमध्येच येतात.

पांथस्थ

वरील वर्णन सुरेख आहे, पण प्रश्न गुडघ्यांचा आहे, हे विसरून चालणार नाही. म्युरेनला जाताना इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनपर्यंत रेल्वे, मग केबल कार, मग पुन्हा रेल्वे अशी वाहने बदलावी लागतात; केबल कारमध्ये बहुतेकांना उभेच राहावे लागते आणि गर्दीच्या वेळी ज्येष्ठांना ते त्रासाचे होते. वेंगनला जाताना मात्र लाउटरब्रुनेनला गाडी बदलून समोरच्या गाडीत बसले की पाऊण तासाच्या आत इंटरलाकेनहून थेट गावाच्या मध्यात उतरता येते. वेंगर्नाल्प रेल्वे १८९३ पासून धावते. ८०० मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग दातेरी रुळांचा आहे. म्हणजे रुळांच्या मधोमध बसवलेल्या दात्यांत गाडीखालचे दातेरी चाक अडकते आणि त्याच्या जोरावर गाडी चढते. लाउटरब्रुनेन ते ग्रिंडेलवाल्ड असा १९ किलोमीटरचा हा मार्ग जगातील सर्वांत लांब सलग दातेरी रेल्वेमार्ग आहे. पास वेंगनपर्यंत चालतो. त्यापुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शाइडेगला जायचे असल्यास सवलतीचे वेगळे तिकीट काढावे लागते. बाबांच्या प्रकृतीचा विचार करता तिथपर्यंत जावे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवलेले बरे.

मीटरगेज

गाडी बदलण्याचा मुद्दा मान्य आहे. परंतु म्युरेन गावात स्थानकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि सपाटीवर आई तासभर चालू शकतात, असे त्यांनीच लिहिले आहे. चढण हवी असेल तर ती वेंगनमध्ये अधिक सापडेल.

गिरिवाट

दोघांनीही उजेडाचा विचार केलेला दिसत नाही, आणि फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने खरी निवड तिथेच होते. म्युरेन दरीच्या पश्चिम कड्यावर आहे आणि शिखरे तिच्या पूर्वेला. सकाळी सूर्य शिखरांच्या मागे असल्याने ती काळपट, सपाट दिसतात. दुपारनंतर मात्र ऊन समोरून त्यांच्यावर पडते आणि बर्फाच्या घड्या, हिमनद्यांच्या भेगा एकेक करून उलगडू लागतात. दुसऱ्या बाजूला वेंगन दरीच्या पूर्वेला आहे. तिथली गाडी सकाळी चढत असताना समोरच्या पश्चिम कड्यावर ऊन असते आणि २९७ मीटरचा श्टाउबबाख धबधबा उजळलेला असतो. म्हणून सकाळी वेंगन, दुपारी खाली लाउटरब्रुनेनला येऊन म्युरेन, असा दिवस बेताने आखता येतो. दोन्ही टप्पे पासमध्ये असल्याने जादा खर्च होत नाही. दमल्यासारखे वाटले तर दुसरा टप्पा सोडून द्यावा.

आदल्या रात्री हवामानाच्या अंदाजावर मात्र विसंबू नये. दोन्ही गावांचे कॅमेरे सकाळी थेट चित्र दाखवतात. न्याहारीच्या वेळी ते पाहून शिखरे ढगात असल्यास दिवस बदलावा. दरीत पाऊस आणि वर स्वच्छ ऊन, असेही पुष्कळदा घडते, त्यामुळे इंटरलाकेनच्या खिडकीतून आकाश पाहून निष्कर्ष काढू नये.

प्रवासोत्सुक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळी वेंगन आणि जमल्यास दुपारी म्युरेन, असे आता घरात ठरले आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या: डब्यात कोणत्या बाजूला बसावे आणि इंटरलाकेनला गाडी पकडताना काही लक्षात ठेवावे लागते का?

मीटरगेज

वेंगनकडे चढताना उजव्या बाजूच्या खिडक्या घ्याव्यात, दरी त्या बाजूला उघडते. ग्रूटशाल्पहून म्युरेनला जाताना मात्र डावी बाजू. उजवीकडे केवळ उतार आणि झाडे दिसतील. इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्थानकात लक्ष देण्याची खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथून सुटणारी गाडी वाटेत त्स्वाइल्युट्शिनेन येथे दुभागते, तिचा एक भाग लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. फलाटावर आणि डब्यांवर लिहिलेले गंतव्य वाचूनच आत चढावे. कुटुंबातील सगळे एकाच भागात आहेत ना, हेही पाहावे; घाईत दोघे पुढच्या डब्यात आणि एक जण मागच्या डब्यात बसला, तर तिघे वेगवेगळ्या दऱ्यांत पोहोचतील.