‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’मधील ‘स्लिप’ म्हणजे घसरण का?

प्रश्न : वाहनांविषयीच्या एका मजकुरात ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’साठी ‘मर्यादित घसरण’ असा प्रतिशब्द दिला असून पुढे ‘यामुळे बर्फावर गाडी घसरत नाही’ असे म्हटले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : प्रतिशब्द दिशाभूल करणारा आहे आणि पुढचे वाक्य तर धोक्याचे आहे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची शक्ती एकाच अ‍ॅक्सलवरील (आसावरील) दोन चाकांना पोचवणारी आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी. गाडी ‘घसरली’ म्हटले की मराठी वाचकाला ती ताबा सुटून सरकत गेल्याचेच चित्र दिसते. येथे ‘स्लिप’चा रोख मात्र एकाच अ‍ॅक्सलवरील दोन चाकांच्या वेगांतील तफावतीवर आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून काही तफावत हवीच असते; ती हाताबाहेर जाऊ न देणे, एवढेच या यंत्रणेचे काम आहे.

एक चाक बर्फाच्या गुळगुळीत थरावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असताना गाडी सुरू करून पाहिली, की हा अर्थ स्पष्ट होतो. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. बर्फावरचे चाक अगदी थोड्या टॉर्कनेच जागच्या जागी गरगरू लागते, आणि तेवढाच थोडा टॉर्क डांबरावरच्या चाकाला मिळत असल्यामुळे, त्याची पकड उत्तम असूनही गाडी हलत नाही. लिमिटेड स्लिप प्रकारात, उदाहरणार्थ, एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या क्लच प्लेटांचे घर्षण या तफावतीला विरोध करते आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. म्हणून ‘स्लिप’साठी मी येथे ‘चाक नुसते फिरणे’ असे म्हणेन. पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये या सोयीला ‘ट्विन ट्रॅक्शन’, म्हणजे दोन्ही चाकांची ओढ, असे नाव दिले होते. अर्थाच्या दृष्टीने ते मला अधिक नेमके वाटते.

आता त्या वाक्याविषयी. दोन्ही चाके बर्फावर असतील आणि रस्ता कडेकडे उतरता असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला जाताच दोन्ही चाके एकदम फिरू लागतात. फिरणाऱ्या चाकाची आडवी पकडही जाते, त्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा भाग उताराकडे सरकतो. साध्या डिफरन्शियलमध्ये अशा वेळी बहुधा एकच चाक फिरते आणि दुसरे गाडीला धरून ठेवते. म्हणजे ज्या सोयीमुळे गाडी बर्फातून निघते, तीच सोय बेसावध चालकाची गाडी आडवी करू शकते. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे तर मुख्यतः टायरांच्या पकडीवर ठरते. त्यात या डिफरन्शियलचा फायदा धरू नये.

उपप्रश्न : मग ‘लॉक होणारा डिफरन्शियल’ म्हणावे का?

उत्तर : नाही. लॉक झालेला डिफरन्शियल दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावतो. येथे तफावतीला वाव असतो. टॉर्सेन या, क्लच प्लेटांऐवजी गिअरांवर चालणाऱ्या लिमिटेड स्लिप प्रकारात तर कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क पेलता येतो, त्याच्या ठरावीक पटीपर्यंतच दुसऱ्या चाकाला मिळतो. एक चाक अधांतरी असेल, तर शून्याची पट शून्यच राहते. अशा वेळी ब्रेक हलकेच दाबून त्या चाकाला थोडा विरोध निर्माण करावा लागतो. म्हणून नाव ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ असेच ठेवावे आणि वाक्य असे करावे : ‘एका चाकाखाली बर्फ असताना ते नुसतेच फिरत राहण्याला यामुळे आळा बसतो आणि गाडी पुढे काढणे सोपे जाते.’