टीव्हीच्या दुकानात तुलना होत नाही, आधीच ठरलेलं दाखवलं जातं

अंधारप्रेमी

ओएलईडी घ्यायचा की क्यूएलईडी हा प्रश्न घेऊन माणूस दुकानात शिरतो आणि त्याला वाटतं की दोन्ही शेजारी शेजारी बघू आणि आपल्या डोळ्यांनी ठरवू. माझं स्पष्ट मत आहे की तिथे डोळ्यांनी ठरवण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. सेल्समनला खोटं बोलायचीही गरज पडत नाही. छताला पांढरे झगझगीत दिवे, टीव्ही डेमो मोडमध्ये, म्हणजे ब्राइटनेस फुल्ल, रंग भडक, पांढरा रंग निळसर मारतोय, आणि वर लूपवर व्हिडिओ कसला तर फुलपाखरं, फळांचे काप, रंगांचे फवारे, सगळं स्लो मोशनमध्ये. एवढ्या उजेडात ज्याचा प्रकाश जास्त तोच डोळ्यात भरणार, आणि तो बहुतेक वेळा एलसीडी असतो. हो, क्यूएलईडी हा एलसीडीच आहे, मागे एलईडीचा बॅकलाइट आणि मध्ये क्वांटम डॉटची, म्हणजे रंग अधिक शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची फिल्म.

ओएलईडीची खरी ताकद काळ्या रंगात आहे, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो. ते दिसायला रात्रीचा सीन लावावा लागतो, दिवे कमी करावे लागतात. ते कोण करतं? पण ज्या दुकानाला ओएलईडीच खपवायचाय तिथे काळे पडदे लावलेला वेगळा कोपरा तयार असतो आणि स्क्रीनवर चांदण्यांनी भरलेलं आकाश. गिऱ्हाईक तेच, टीव्ही तेच, कुठल्या टीव्हीसमोर कुठल्या उजेडात उभं करायचं एवढंच सेल्समन ठरवतो आणि तिथेच निकाल लागतो. म्हणून माझं म्हणणं, रिमोट हातात मागा, दोन्ही टीव्हींवर पिक्चर मोड सिनेमा नाहीतर फिल्ममेकर करायला लावा, आणि मगच तोंड उघडा.

काउंटरपलीकडून

असहमत. मी टीव्ही विकलेत म्हणून लिहितोय. तुम्ही धरून चाललाय की घरी सगळे दिवे मालवून सिनेमा बघतात, तसं बघणारे फार थोडे असतात हो. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा विचारायचो की खिडकी कुठल्या बाजूला आहे, दिवसा जास्त चालतो की रात्री, आणि बातम्या किती वेळ लावता, कारण एकदा एक वयस्कर जोडपं आलं होतं, मुलाने फोनवर सांगितलंय ओएलईडीच घ्या, आणि बोलता बोलता कळलं की हॉलमध्ये समोरासमोर मोठी खिडकी आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकच न्यूज चॅनेल, तोच लोगो, तीच खालची पट्टी. त्यांना मी मिनी एलईडीकडे वळवलं, म्हणजे बॅकलाइटला खूप बारीक बारीक एलईडी असलेल्या एलसीडीकडे. बर्न-इन, म्हणजे एकाच जागी सतत राहिलेल्या चित्राचा स्क्रीनवर कायमचा उमटणारा डाग, सगळ्यांच्याच ओएलईडीला होतो असं नाही, पण तसं बघणाऱ्यालाच होतो, आणि बऱ्याच वॉरंटींमध्ये तो धरलेला नसतो. याला वळवणं म्हणा, हवं ते म्हणा, ते माझं कामच होतं.

आणि डेमो मोडचं म्हणाल तर तो आम्ही सिलेक्ट करत नाही, टीव्ही त्यातच लावायचा असा नियम असतो. हाताने सिनेमा मोड केला तरी थोड्या वेळाने सेटिंग आपोआप परत भडक होतं.

अंधारप्रेमी

ते जोडपं तुमच्याकडे आलं हे त्यांचं नशीब. पण हेच बर्न-इनचं वाक्य रात्री फक्त सिनेमे बघणाऱ्या माणसालाही ऐकवलं जातं, आणि ते कधी ऐकवलं जातं हे त्या महिन्यात कुठल्या मॉडेलवर जादा इन्सेंटिव्ह आहे त्यावर ठरतं. शिवाय कित्येक ठिकाणी समोर उभा असलेला माणूस दुकानाचा नसतोच, कंपनीने पाठवलेला असतो. त्याच्या शर्टावर कंपनीचा लोगो असला तर निदान कळतं, नसला तर गिऱ्हाईक त्याला तटस्थ समजून सल्ला घेतं. हे मला मुळीच पटत नाही.

काउंटरपलीकडून

इन्सेंटिव्ह असतो, नाकारत नाही. पण टीव्हीवर दुकानाला सुटतं थोडंच, खरी कमाई वाढीव वॉरंटी, वॉल माउंट, साउंडबार आणि एचडीएमआय केबलवर. त्यामुळे ओएलईडी गेला की क्यूएलईडी, यापेक्षा बिलात आणखी काय लागलं याचं प्रेशर आमच्यावर जास्त असायचं. सावध राहायचं असेल तर तिथे राहा. दोन मीटरच्या केबलला सोन्याचा मुलामा दिल्याने चित्रात काडीचाही फरक पडत नाही, सिग्नल डिजिटल आहे. फोरके १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांवर, गेम खेळायचे असतील तर अल्ट्रा हाय स्पीड सर्टिफिकेशन बघा, बस.

प्लाझ्माची_आठवण

धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत, कारण हे सगळं आधी एकदा होऊन गेलंय. प्लाझ्मा टीव्हीचा काळ आठवा, ज्यात काचेच्या बारीक कप्प्यांतल्या गॅसमुळे चित्र उजळायचं. काळा रंग, हलणारं चित्र, बाजूने बघितलं तरी न बदलणारे रंग, या सगळ्यात चांगला प्लाझ्मा तेव्हाच्या एलसीडीच्या पुढे होता, पायोनियरच्या कुरोचं नाव तर जाणकार अजून काढतात. पण दुकानातल्या दिव्यांखाली तो मरगळलेला दिसायचा, पुढच्या काचेवर छताच्या ट्यूबलाइट्स चमकायच्या, आणि शेजारचा एलसीडी लखलखायचा. त्यात सेल्समन सांगणार की याच्यातला गॅस संपतो, पुन्हा भरायला लागतो! सीलबंद काचेच्या पॅनेलमध्ये कोण गॅस भरणार? ही बात धादांत खोटी होती आणि कित्येक लोकांनी ती ऐकून एलसीडी उचलला. २०१३ च्या शेवटी पॅनासॉनिकने प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं आणि पुढच्या वर्षभरात सॅमसंग आणि एलजीही बाहेर पडले. चांगल्या चित्राला दुकानात न्याय मिळत नाही, हे मी पोटतिडकीने सांगतोय.

बॅकलाइट_बंद

गॅसची थाप होती हे मान्य, पण प्लाझ्मा सेल्समनने मारला हे अजिबात मान्य नाही. तो वीज जास्त खायचा, जड होता, तापायचा, आणि फोरकेसाठी तेवढे बारीक सेल बनवून पुरेसा प्रकाश काढणं अवघड होतं. तिकडे एलसीडी दर वर्षी स्वस्त होत होता.

आणि सगळे सेल्समनलाच का धरताय? गोंधळ वरून सुरू होतो. बॅकलाइटमध्ये ट्यूबच्या जागी एलईडी घातले आणि एलसीडीचं नाव झालं एलईडी टीव्ही. २०१७ मध्ये सॅमसंगने क्यूएलईडी नाव आणलं जे ऐकायला ओएलईडीचं भावंड वाटतं. २०१९ मध्ये एलजीने यावर कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनकडे तक्रार केली, सॅमसंगने उलट तक्रार केली, २०२० मध्ये दोघांनी मागे घेतल्या आणि नाव राहिलं ते राहिलंच. बर्न-इनवरून ओएलईडीला नावं ठेवणाऱ्या सॅमसंगने २०२२ मध्ये स्वतःचा ओएलईडी बाजारात आणला. काउंटरवरचा पोरगा ट्रेनिंगमध्ये जे मिळालं तेच बोलतो. त्याला दोष देऊन काय मिळणार?

खिडकीशेजारी

एक मुद्दा राहिला. सेल्समन तुम्हाला नेहमी बरोब्बर मध्यभागी उभं करतो. दोन पावलं बाजूला सरका. बऱ्याच एलसीडींचं व्हीए नावाच्या प्रकारचं पॅनेल असतं, त्याचा काळा रंग बरा पण बाजूने रंग फिके पडतात, आयपीएस या दुसऱ्या प्रकारात याच्या उलट. कुठलं पॅनेल आहे ते डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं, त्यामुळे पाय हलवणं हाच उपाय. मिनी एलईडी बघताना काळ्या पट्टीवरची पांढरी सबटायटल्स बघा, अक्षरांभोवती धुरकट उजेड दिसतो का ते लगेच कळतं.

अंधारप्रेमी

बॅकलाइट_बंद, नावाचा घोळ कंपन्यांचा हे कबूल. पण गिऱ्हाईकाने तोंडावर विचारलं की क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीच का, आणि समोरचा "जवळजवळ तसंच" म्हणाला, तर ते त्याचं स्वतःचं उत्तर आहे, ट्रेनिंगच्या मागे लपता येत नाही. आणि काउंटरपलीकडून, एक सरळ प्रश्न, पेन ड्राइव्हवर माझा रात्रीचा सीन आणला तर लावून द्याल का?

काउंटरपलीकडून

मी लावून द्यायचो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या, वेळ असतो, डेमो मोड बंद करून होम मोडवर टाकता येतो. रविवारी संध्याकाळी कोणीही करणार नाही. छताचे दिवे मात्र माझ्या हातात नव्हते आणि कोणाच्याच नसतात, त्यामुळे खिडकीचा प्रश्न मी विचारणारच आणि खिडकी मोठी असेल तर मिनी एलईडीकडेच नेणार.

अंधारप्रेमी

न्या, पण नेताना सांगा की या उजेडात ओएलईडी आहे त्यापेक्षा कमी दिसतोय. एवढं एक वाक्य मी आजवर कुठल्याच काउंटरवर ऐकलेलं नाही.