आईचा विसराळूपणा आणि पोटातले बॅक्टेरिया, प्रोबायोटिक सुरू करू का?

सायली_क
नमस्कार मंडळी, आई ७१ ची आहे, दिवाळीपासून तेच तेच परत विचारते, ओळखीच्यांची नावं पटकन आठवत नाहीत. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट आहे, म्हणजे वयाच्या मानाने जास्त विसरणं, डिमेन्शिया नाही, सहा महिन्यांनी या. आता फॅमिली ग्रुपवर सगळे मागे लागलेत की हे पोटातल्या बॅक्टेरियामुळे होतं, प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या बॅक्टेरियाची कॅप्सूल दे. खरंच उपयोग होतो का? आईला बद्धकोष्ठ जुनं आहे, शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. जेवण अगदी कमी झालंय, चहा-बिस्किटावरच भागवते.

निशांत_प
संबंध आहे ताई, पण कॅप्सूल दिली की झालं इतकं सोपं नाही. २०२३ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने १६४ जणांची तपासणी केली, सगळ्यांची स्मरणशक्ती ठीक होती पण त्यातल्या ४९ जणांत अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया बाकीच्यांपेक्षा वेगळे निघाले. पण बॅक्टेरियामुळे आजार की आजारामुळे बॅक्टेरिया बदलले हे त्यातून कळत नाही. मला जास्त आशा वाटते ती लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२४ च्या प्रयोगाची. साठीच्या पुढची जुळी भावंडं, ३६ जोड्या, एकाला रोज फायबरची पावडर आणि दुसऱ्याला नुसतीच दिसायला तशी, १२ आठवडे. फायबरवाल्यांचे बिफिडो नावाचे चांगले बॅक्टेरिया वाढले आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये त्यांचे मार्क चांगले आले. फक्त ती माणसं धडधाकट होती, काकूंसारखं निदान झालेली नव्हती.

वसुधा_मावशी
सायली, आधी बी-१२ तपासून घे गं! मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील, ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर आणखीच, आणि त्यानेही विसरायला होतं. हे भरून काढता येतं म्हणून उशीर नको. थायरॉईड बघ, ऐकू नीट येतं का तेही बघ, कारण न ऐकलेलं लक्षात कसं राहणार. मेटफॉर्मिनची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नकोस.

केदार७७
प्रोबायोटिकबद्दल, जपानमध्ये बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह ए१ नावाच्या बॅक्टेरियावर ट्रायल झाल्यात. २०२० ची ८० जणांची, १६ आठवड्यांत स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, पण त्याआधी २०१९ च्या १२१ जणांच्या ट्रायलमध्ये दोन गटांत एकूण ठळक फरक नव्हता. आणि हे त्या एकाच जातीपुरतं, दुकानातल्या कुठल्याही डब्याला लागू नाही.

सायली_क
बी-१२ कधीच केलेलं नाही, उद्याच करते. फायबर म्हणून इसबगोल देते ते चालेल ना?

निशांत_प
पोट साफ व्हायला छान, पाणी भरपूर द्या, पण बॅक्टेरिया ते फारसं खात नाहीत. त्यांना कांदा, लसूण, डाळी, कडधान्यं लागतात. बिस्किटाऐवजी मऊ मुगाची उसळ, लसणाची फोडणी घातलेलं वरण असं थोडं थोडं वाढवत न्या, एकदम दिलं तर गॅस होऊन काकू परत बिस्किटावर जातील.